दोन बिटांची जीभ

रायबंदरला, जेटीसमोर, सायकलच्या दुकानावर माझी खोली.
टेबलावर दोन डेटाशीट, गार झालेला चहा
आणि चोडणहून आणलेल्या पाण्याच्या सहा बाटल्या.
प्रत्येकीवर रुझारच्या अक्षरात वार.
तारीख नाही.

पाण्यातलं मीठ मोजायचं तर आधी पाण्याला विचारावं लागतं.
एकाच दिशेने वीज सोडली की ते रुसतं,
कांड्यांवर बुडबुडे धरतं, खोटं सांगू लागतं.
म्हणून लहर सोडायची, सेकंदाला हजार हेलकावे,
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
त्याला कळायच्या आत.
आकड्यांतून लहर घडवणारी चिप एक,
परत आलेली लहर आकड्यांत मोडणारी दुसरी.
एक विचारते, एक ऐकते.
दोन्ही निवडायच्यात,
आणि समितीचे पैसे मोजके आहेत.

पहिल्या डेटाशीटवर ठळक टाइपात: चोवीस बिट.
एक कोटी सदुसष्ट लाख पायऱ्यांचा जिना!
पान अकरावर, तळटीपेत, मुंगीएवढं:
शेवटची पाच बिटं नुसती थरथरतात.
शिवाय ही बाई निवांत, सेकंदाला दहाच उत्तरं देणार.
माझी लहर तोवर शंभरदा येऊन गेलेली.

दुसरी सोळाची. पासष्ट हजार पायऱ्या,
एकेक अडतीस मायक्रोव्होल्टची.
हाक मारली की त्याच क्षणाची ओ देते.
विचारणारी तर बारा बिटांची पुरे:
चौसष्ट ठिपक्यांत लहर बसते,
कोपरे एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर घासून काढतात.

खजिनदार घनश्याम नार्वेकर फोनवर:
"चोवीसवाली असताना सोळा कशाला?
उद्या कुणी म्हणेल, पैसे खाल्ले."

रुझारची जीभ दोन बिटांची होती.
मानशीवर ओणवा व्हायचा, बोट बुडवायचा, चाखायचा, थुंकायचा.
गोडं. मचूळ. खारं.
आणि चौथी चव, जी चव नव्हतीच: "दार धांप!"
(मी चंदगडची. मानस म्हणजे बांधातलं दार,
हे कळेपर्यंत मला वाटायचं,
ही माणसं मनाविषयीच किती बोलतात.)
चाळीस वर्षं त्या दोन बिटांवर
बांधाआतलं कोरगुट पिकलं.

गेल्या भाद्रपदात त्याला ताप आला,
जाताना चव घेऊन गेला.
सोलकढी आणि चहा, एकच.
तीन आठवडे कुणाला बोलला नाही.
अंदाजाने दार उघडत राहिला, लावत राहिला.
पोटरीतलं भात टोकांपासून तांबडं पडलं,
तेव्हा बोलला.

रात्री उशिरा एक गोष्ट ठरली, बाकीची आपोआप.
दोन्ही चिपांना रेफरन्स एकच.
बांधावरच्या उन्हात तो सरकेल, सरकू दे.
प्रश्न जेवढा फुगेल तेवढंच उत्तर फुगेल,
भागाकारात दोघांची चूक निघून जाईल.
विचारणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा गज एक असला
की गज थोडा खोटा असून भागतं.
हे नार्वेकरांना सांगता येणार नाही.
त्यांना सांगितलं, चोवीसवालीला चौदा आठवडे लागतात.
तेही खरंच होतं.

शनिवारी रुझार फेरीबोटीने आला.
टेबलावर उघडं सर्किट, वायरींचा गुंता,
'बुधवार'च्या बाटलीत कांड्या.
मी आकडा वाचून दाखवला, दशांशासकट.
तो म्हणाला, "आंकडो नाका गो. दार धांपूं काय नाका, तें सांग."

मग एक लाल दिवा लावला.
खाली पासष्ट हजार पायऱ्या, वर एक दिवा.
बुधवारला तो लागला.
रुझार बराच वेळ दिव्याकडे बघत होता.
मग त्याने बाटलीत बोट बुडवलं,
जिभेवर ठेवलं, डोळे मिटले.

मीटरवरचा आकडा कधीच ठरला होता.
तो अजून थांबलेला.